सील शाबूत

हायकोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर माझ्या शेजारी माझा मित्र सदाशिव कंटेनरच्या दाराला लावलेलं सील हातात घेऊन बसला होता. बोटाएवढं लोखंड, त्यानेच कापलेलं. आत परदेशातून मागवलेलं छपाईयंत्र दुभंगलेलं निघालं, त्याला सहा वर्षं झाली. त्या यंत्राच्या भरवशावर त्याने नोकरी सोडली होती.

जहाज कंपनी म्हणाली, आम्ही रेल्वेकडे धड दिलं. रेल्वे म्हणाली, आमच्याकडे आलं तेव्हाच मोडलेलं असणार. दोघांच्याही कागदावर शेरा एकच, ‘सील शाबूत’. बंदरावरची रीतच ती. कंटेनर या हातातून त्या हातात जातो, सील तपासतात, सही करतात. उघडून कोणी बघत नाही.

आपण माणसांचं तरी वेगळं काय करतो? बरा आहेस ना, असं विचारतो, तो हो म्हणतो, आपण सुटतो. सदाशिवच्या बाबतीत सहा वर्षं मी हेच केलं.

भरपाईचा दावा तो आधीच हरला होता; आज त्याची फेरविचार याचिकाही कोर्टाने फेटाळली. दोन मिनिटंही लागली नाहीत. वकिलांनी फाइल परत दिली आणि ते पुढच्या कोर्टात पळाले.

सदाशिवने फाइलच्या नाडीवरून अंगठा फिरवला. ‘‘सकाळी मी बांधलेली गाठ,’’ तो म्हणाला, ‘‘तशीच आहे बघ.’’

मी सवयीने विचारलं, ‘‘सदा, बरा आहेस ना?’’

‘‘हो,’’ तो म्हणाला, आणि मी उठलो.