दोन पिस्तुलं आणि खंडेनवमीची हळद

बंदुकीशी माझा संबंध रजिस्टरपुरता. नव्वदच्या दशकात मी आखातात, उम्म अल कुवैनला राहायचो आणि तिथून तासाभरावर, वाळवंटातल्या एका खासगी नेमबाजी क्लबात स्टोअर सांभाळायचो. शस्त्रांच्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला असायची, पण आयुष्यात एकही गोळी मी झाडलेली नाही. गावाकडे हे कुणाला पटत नाही. सुट्टीवर गेलो की लोक माझ्याशी जरा जपून बोलायचे, आणि मीही त्यांचा गैरसमज दूर करायची घाई केली नाही.

क्लबात मराठी आम्ही दोघेच, मी आणि हवालदार. ते सातारा जिल्ह्यातले, लष्करात शस्त्रं दुरुस्त करून निवृत्त झालेले आणि साठीला टेकलेले. मी त्यांना काका म्हणायचो. त्यांची बायको वारली होती, मुलगा-सून पुण्यात आपल्या संसारात. 'गावी जाऊन कुणाची वाट बघू?' असं ते म्हणायचे. डिसेंबरात त्यांचा व्हिसा संपत होता आणि साठीच्या माणसाला ठेवून घ्यायचं की नाही, हे क्लबाच्या अरब मालकाच्या मर्जीवर होतं.

माझाही एक कागद मालकाच्या टेबलावर पडून होता. माझ्या व्हिसावर लिहिलं होतं 'लेबर'. त्याचं 'स्टोअरकीपर' झालं की बायको-मुलीला आणता येणार होतं. मुलगी तीन वर्षांची झाली होती आणि मी तिला दोनदा पाहिलं होतं.

अशात मालकाने क्लबासाठी नवी पिस्तुलं घ्यायचं काढलं. नमुन्याला दोन आली. दोन्ही एकाच कंपनीची, एका जुन्या अमेरिकन लष्करी पिस्तुलाच्या घडणीवर नव्याने बनवलेली. एक सरळसरळ जुन्या वळणाचं. त्याचे भाग सैलसर, हलवलं की आत काहीतरी खुळखुळायचं, आणि नेम धरायची खूण इतकी बारीक की चष्मा पुसून घ्यावा लागे. दुसरं सुधारलेलं. खूण ठळक, सेफ्टीचा खटका दोन्ही बाजूंना, आणि वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, स्टीलच्या डब्याच्या झाकणासारखा घट्ट. हवालदारांनी दोन्ही उघडली, जोडली, झाडली आणि मला रजिस्टरात लिहायला सांगितलं, की घट्टवालं घ्यावं.

"इथं कुणाला लढाई करायचीय? कागदावर भोकं पाडायचीत," ते म्हणाले. "त्याला घट्टच बरं. फक्त साफ ठेवायला पाहिजे. ते माझ्यावर सोड."

मालक शनिवारी स्वतः येऊन बघणार होता. खंडेनवमी आली गुरुवारी.

उम्म अल कुवैनमधले कॉन्ट्रॅक्टिंगवाले मराठी लोक त्या दिवशी ड्रिल मशीनला हळदकुंकू वाहतात, ट्रकच्या चाकाखाली लिंबू ठेवतात. कुणी फॅक्स मशीनसुद्धा सोडत नाही. आणि माझ्या ताब्यात तर साक्षात शस्त्रं. हवालदार त्या सकाळी दवाखान्यात गेले होते. मी टेबलावर टॉवेल अंथरला आणि दोन्ही पिस्तुलं शेजारी शेजारी मांडली. पिस्तूल रिकामं आहे हे दिसावं म्हणून स्लाइड मागे ओढून ठेवायची, असा क्लबाचा नियम होता. तो मी पाळला. नियमाच्या बाबतीत माझ्याकडे कुणी बोट दाखवू शकत नाही. मग हळद वाहिली, कुंकू वाहिलं, उदबत्ती ओवाळली. भेदभाव नको म्हणून दोघांना सारखंच. पूजलेलं हत्यार त्या दिवशी हलवायचं नसतं, म्हणून तसंच ठेवून दिलं.

दहा वाजता मालकाची गाडी आली, बरोबर पाहुणा. "शनिवार नहीं. आज देखेगा. यल्ला, चलो!"

मी फडकं घेऊन दोन्ही पिस्तुलं वरून लख्ख पुसली आणि दिली. तेवढ्यात हवालदार पोचले.

खुळखुळणारं पिस्तूल विनातक्रार चाललं. मॅगझिन संपेपर्यंत अडलं नाही. घट्टवालं दुसऱ्या गोळीला अडकलं. हवालदारांनी मोकळं केलं, पुन्हा अडकलं. त्यांनी ते तिथेच उघडलं. आतल्या तेलात हळद कालवून चांगला लेप झाला होता.

"ये क्या है?" मालकाने विचारलं.

हवालदारांनी बोट नाकाशी नेलं. माझ्याकडे पाहिलं नाही. "हमारा त्योहार है, अरबाब. पूजा किया. मैंने किया."

मी तोंड उघडलं होतं. एवढंच आठवतं, की उघडलं होतं आणि त्यातून काही आलं नाही. कागद डोळ्यांपुढे होता आणि कागदामागे मुलगी. सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट म्हणजे मला आधी हायसं वाटलं. लाज मागाहून आली. ती अजून गेलेली नाही.

मालक ओरडला नाही. "बाबा, तुम बुढ्ढा हो गया. डिसेंबर में खलास, मुलुक जाओ," एवढंच म्हणाला. सैल पिस्तुलांची ऑर्डर गेली. घट्टवालं नापास ठरवून कपाटात टाकलं, आणि हवालदारांनी त्याला हात लावायचा नाही, असा हुकूम झाला.

त्या दुपारी मी त्यांना म्हटलं, "काका, मी सांगतो मालकाला."

"अन् मग दोघं जाऊ? गप बस, गड्या. पोरीला आण."

डिसेंबरात ते गेले. जाताना आपला पितळी ब्रश मला देऊन गेले. माझ्या कागदावर सही झाली होती. जानेवारीत बायको-मुलगी आल्या. विमानतळावर मुलगी मला बघून रडली, म्हणजे घाबरून.

मी हवालदारांना चार पानी पत्र लिहिलं. सगळं लिहिलं: गप्प का राहिलो ते, हायसं वाटलं तेही. महिन्याने पोस्टकार्ड आलं. 'पत्र पोचले. पोरगी आली, छान झाले. घट्ट पिस्तुलाच्या आत, काडतूस ओढणाऱ्या आकड्याखाली हळद राहिली असेल. हळद ओल धरते, गंज चढेल. ब्रशने काढ.'

मी कपाट उघडून पाहिलं. होती. त्यांनी सांगितलं तिथेच. ब्रशने काढली, तेलाचा थेंब सोडला, स्लाइड मागेपुढे केली. पिस्तूल उत्तम चालत होतं. रजिस्टरात त्याच्यापुढे माझ्याच अक्षरात 'नापास' लिहिलेलं होतं. ते मी खोडलं नाही.