फरीदाबादला सुई शिकताना

पठाण सरांचं नाव आधी लिहितो. ते नसते तर दिल्लीची गाडी मी कधी धरलीच नसती. अन्वर पठाण सर रिसोडच्या शाळेत आम्हाला भूगोल शिकवायचे. दहावीनंतर वडील मला कापसाच्या जिनिंगवर कामाला लावणार होते. सर ओळीने तीन संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले. चौथ्या दिवशी वडीलच म्हणाले, "घ्या बुवा, अकरावीत घाला त्याला." आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. आता वाशिमच्या एका धर्मादाय दवाखान्यात मधुमेहाच्या रुग्णांना आहार, औषधं आणि पायांची काळजी समजावून सांगतो.

आणि सरांनाच मधुमेह आहे. दिवाळीपासून त्यांच्या उजव्या अंगठ्याची जखम भरत नव्हती. डॉक्टरांनी इन्सुलिन सांगितलं, सर नाही म्हणाले. मी आमच्या दवाखान्याचं माहितीपत्रक घेऊन गेलो आणि अर्धा तास बोललो. सरांनी चष्मा लावून ते वाचलं, लाल पेनाने त्यातल्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि मला परत दिलं. "चांगलं केलंय. चहा घेणार ना?" विषय संपला. जखम तशीच राहिली.

जानेवारीत दवाखान्याने मला पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणाला फरीदाबादला पाठवलं. निघताना मनात एकच होतं, परत येईपर्यंत सरांना पटवून देता आलं पाहिजे.

धुक्यामुळे गाडी सहा तास उशिरा नवी दिल्लीला पोचली. पहाडगंजच्या बाजूने बाहेर पडलो तर समोरची हॉटेलंसुद्धा धड दिसत नव्हती, नुसत्या त्यांच्या रंगीत पाट्या हवेत टांगल्यासारख्या. थंडीने बोटं आखडली होती. एका टपरीवर चहा मागितला आणि म्हटलं, "चीनी मत डालना."

चहावाल्याने पळी तशीच धरून माझ्याकडे पाहिलं. "शुगर है? इस उमर में?" शेजारच्या बाकावरचे एक सरदारजी सरकले आणि म्हणाले, "बैठो पुत्तर, बैठो." माझी बॅगही कुणीतरी उचलून ठेवली. मी घाईघाईने म्हणालो, "नहीं नहीं, मुझे नहीं है!" पुढे मेट्रोत बसल्यावर त्या घाईची लाज वाटली. चोरीचा आळ यावा तसा मी तो आजार झटकला होता. हेच काम करणारा माणूस मी.

केंद्रीय सचिवालयला गाडी बदलली आणि फरीदाबादला उतरलो. राहायची सोय साळवी काकूंकडे होती. काकू मूळच्या दादरच्या, पण चाळीस वर्षं इकडेच. बँकेतून निवृत्त झाल्या आहेत. मी बॅगेतून माझा आहारतक्ता काढून दाखवला. वाशिमचाच तक्ता होता, मी कष्टाने हिंदीत केला होता. सकाळी ज्वारीची भाकरी, दुपारी मटकीची उसळ, संध्याकाळी ताक.

"छान आहे रे, बिल्कुल छान," काकू म्हणाल्या. "पण इथे ज्वारी कोण खातं? माझ्याच घरात महिन्यातून एकदा होते. तीसुद्धा थापताना मोडते."

मी मनावर घेतलं नाही. गुरुवारी घेतलं.

प्रशिक्षणाचा दवाखाना म्हणजे कारखान्यांच्या मागच्या गल्लीतल्या दोन खोल्या. एका खोलीत डॉक्टर आणि रक्ततपासणी, दुसरीत सतरंजी. सतरंजीवर सरोजदीदींचं राज्य. वय पंचावन्नच्या आसपास, मूळ गाव बिहारमधलं छपरा, अकरा वर्षं स्वतः इन्सुलिनवर. दर गुरुवारी वस्तीतली माणसं आपला जेवणाचा डबा जसा असेल तसा घेऊन यायची. दीदी तो सगळ्यांसमोर उघडायच्या.

पहिल्याच गुरुवारी त्यांनी मला बोलायला उभं केलं. मी तक्ते वाटले. एका बाईने कागद उलटसुलट करून विचारलं, "भैया, ये भाकरी क्या होती है? कोई बिस्कुट है?"

"और मटकी में क्या खाना है? मटकी में तो पानी रहता है," दुसरी म्हणाली. सगळी खोली हसली. मीही हसलो, पण कान तापले होते.

दीदींनी तक्ते गोळा करून बाजूला ठेवले. "महाराष्ट्र वाले बाबू, पहले इनका डिब्बा तो देख लो." मग त्यांनी त्याच बाईचा डबा पुढे ओढला. भाताचा डोंगर, कडेला बटाट्याच्या चार फोडी. त्यांनी अर्धा भात झाकणात काढला. रिकाम्या जागेत किसलेला मुळा आणि स्वतःच्या डब्यातली, बथुआ (आपला चाकवत) घालून शिजवलेली डाळ वाढली. सकाळच्या गोड चहा-टोस्टऐवजी सत्तू (भाजलेल्या चण्याचं पीठ) पाण्यात कालवून, मीठ-लिंबू-कांदा घालून घ्यायला सांगितलं. "छपरा में नाना पीते थे कि नहीं? तो यहाँ आके टोस्ट की बीमारी कहाँ से लगी?" छपऱ्याकडच्याच त्या बाईने पदर तोंडाला लावला. बाजार संध्याकाळी आवरतो तेव्हा मुळा स्वस्त होतो, हेही दीदींनी सांगितलं. कुणालाच काही अनोळखी विकत घ्यायचं नव्हतं. मला तो सत्तू इतका आवडला की दुसरा पेला मागून घेतला, आणि दुपारभर पोट टम्म घेऊन बसलो.

हसणाऱ्यांत रामअवतार चाचा नव्हते. भिंतीला टेकून बसलेले, पासष्टीचे, खरादिया (लेथ मशीनवर काम करणारे कारागीर). तीस वर्षं सुटे भाग घडवलेले त्यांचे हात अजून दणकट होते. त्यांची साखर तपासणीत कायम वर असायची आणि डोळ्यांवर परिणाम व्हायला लागला होता. डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं होतं. इथे ते अगदी कमी दरात मिळतं. तरी चाचा घेत नव्हते. दीदींनी त्यांना माझ्याकडे दिलं.

मी तयारी करून बोललो. चित्रं दाखवली. इन्सुलिनच्या सिरिंजमध्ये नुसतं सलाईन भरून स्वतःच्या पोटात टोचून दाखवली, बघा, मुंगी चावल्याइतकंही दुखत नाही. चाचांनी सगळं शांतपणे ऐकलं. शेवटी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बहुत अच्छा बोलते हो बेटा. माँ-बाप ने अच्छा पढ़ाया." आणि चपला घालून निघून गेले.

मला सरांचा चहा आठवला.

"क्या बोले चाचा?" दीदींनी विचारलं.

"कुछ नहीं बोले."

"तुमने कुछ पूछा?"

मी वीस मिनिटं बोललो होतो आणि एकही प्रश्न विचारला नव्हता.

"सुई से कौन डरता है, बाबू? दिन भर लोहा काटने वाला आदमी सुई से डरेगा?" दीदी म्हणाल्या. "जाओ, घर जाओ उनके. चाय पीओ. फीकी मिलेगी, उस घर में चीनी आती ही नहीं."

दुसऱ्या दिवशी गेलो. एक खोली, तिच्यात लोखंडी पलंग, भिंतीवर चाचींचा हार घातलेला फोटो. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी विचारलं, "चाचा, सुई का नाम लेते ही क्या होता है?"

ते फोटोकडे बघत होते. चाचींनाही मधुमेह होता. शेवटी त्या मोठ्या दवाखान्यात होत्या, तिथे इन्सुलिन सुरू झालं. घरी पाठवताना नर्सने चाचांना सुई द्यायला शिकवलं. सकाळ-संध्याकाळ त्यांनीच दिली. अठराव्या दिवशी चाची गेल्या.

"इन्हीं हाथों से लगाई थी," ते म्हणाले. "मेरे हाथ से गई वो."

मला शिकवलेलं एकही वाक्य तिथे चालणारं नव्हतं. मी विचारलं, "उनके कागज़ हैं?"

पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीतून त्यांनी एक प्लास्टिकची पिशवी काढली. चार वर्षं ती उघडली नव्हती. सगळं इंग्रजीत होतं, त्यांना कुणी कधी वाचून दाखवलं नव्हतं. मी खाली बसलो आणि तारखा लावत एकेक कागद हिंदीत सांगायला लागलो. काही शब्द अडले. ते फोनवरून दीदींच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारले, मगच पुढे गेलो. दाखल केलं त्याच दिवशी लिहून ठेवलेलं होतं की दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ बंद पडली आहेत आणि हृदयही थकलं आहे. इन्सुलिन दुसऱ्या दिवशी सुरू झालं होतं.

"मतलब सुई से पहले?"

"सुई से पहले, चाचा."

"फिर पढ़ो."

मी पुन्हा वाचलं. त्यांनी ओळीवर बोट ठेवायला सांगितलं, मी ठेवलं. अक्षरं येत नसतानाही ते त्या ओळीकडे कितीतरी वेळ बघत राहिले. मग खांद्यावरचा गमछा तोंडावर घेतला. मी चहाचे पेले उचलून नळाखाली धूत बसलो, आधीच धुतलेलेसुद्धा.

माझ्या शेवटच्या दिवशी चाचा सकाळीच दवाखान्यात आले. हातात डबा होता. दोन पोळ्या, बथुआचा रायता. डॉक्टरांनी आठ युनिट सांगितली होती. दीदींनी सिरिंज भरायला घेतली तर चाचा म्हणाले, "लाओ इधर." त्यांनी ती उजेडासमोर धरली, बोटाने टिचकी मारून हवेचा बुडबुडा वर काढला आणि दट्ट्या बरोबर आठाच्या रेघेवर आणला. लेथवर माप घेणारा हात तो, केसभर हलला नाही. पोटाची चिमूट धरली आणि क्षणभर थांबले. मग त्यांनी सुई घेतली.

"हो गया?" त्यांनी मलाच विचारलं.

"हो गया."

"अब खाना कब?"

दीदी हसल्या. "आधा घंटा सबर करो. तीस साल लोहा खाया, अब रोटी के लिए मर रहे हो!"

परतीच्या गाडीत खिडकीबाहेर मोहरीची पिवळी शेतं धुक्यातून येत-जात होती. मी पटवायला शिकायला गेलो होतो. मोठ्या माणसाला, त्यातून आपल्या गुरूला, खाजगीतलं काही विचारायचं नाही अशा घरात मी वाढलो. तो आदरच होता, पण त्यात सर एकटे पडले होते. रिसोड वाशिमहून जेमतेम तासाभरावर आहे, तरी मी पोचल्याबरोबर पत्र लिहिलं, कारण सरांसमोर बसलो की असलं काही विचारायला माझी जीभ उचलत नाही. ते पत्र असं:

आदरणीय सर,

सादर नमस्कार. आजच सुखरूप परत आलो. गेल्या वेळी तुमच्यासमोर मी अर्धा तास बोललो, त्याबद्दल क्षमा असावी. मी तुम्हाला शिकवायला बसलो होतो आणि तुमची साधी चौकशीही केली नव्हती.

येत्या रविवारी सकाळच्या बसने येतो. माहितीपत्रक आणणार नाही. जखम मात्र दाखवावी लागेल, पायमोजा काढून. ती थांबणार नाही आणि मला तिची फार भीती वाटते. हे तुम्हाला तोंडावर सांगायचं धाडस माझ्यात नाही, म्हणून इथे लिहिलं.

घरात कुणाचे जुने दवाखान्याचे कागद असतील तर काढून ठेवा, मी वाचून दाखवीन. कागद नसतील तर तुम्ही सांगा, मी ऐकेन. लागेल तितका वेळ बसेन.

सर, सुईचं नाव निघालं की तुम्हाला कोण आठवतं?

आपला विद्यार्थी,
प्रल्हाद