कोलशेतची बंदी आणि डोंबिवलीचा मांडव

मुलांनो, एका राज्याने दुसऱ्याशी व्यापार बंद केला, इतरांनाही तसे बजावले, तरी माल पोचतो कसा, असे तुम्ही रंगूनहून विचारता. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या अशा बातम्या वाचून मला नेहमी एक होडीचा प्रवास आठवतो. त्या होडीतल्या आता मी आणि हिरूबाई दोघीच उरलो, म्हणून आजच लिहिते.

त्या वर्षी खाजणाच्या (भरतीचे पाणी शिरणाऱ्या जमिनीच्या) बांधावरून कोपरी आणि कोलशेत यांचे बिनसले होते. कोपरीच्या पाटलांनी आसपासच्या गावांना बजावले : कोलशेतचे मीठ घ्यायचे नाही, तिथल्या कार्याला जायचे नाही. डोंबिवलीकरांनीही मान डोलावली.

तुमचे आजोबा आणि मी कल्याणला निघालो होतो. कोपरीला सकाळच्या भरतीवर होडीत बसलो, तर समोर कल्याणलाच निघालेले पाटील आणि शेजारी कोपरीचीच हिरूबाई धवलारीण (आगऱ्यांची लग्ने गाणी गाऊन लावणारी बाई). कोलशेतच्या सोनीचे लग्न तिच्यावाचून दोनदा टळले होते. आता टळले तर वरपक्ष दुसरी मुलगी पाहणार होता.

“कुठं निंगालीस गो?” पाटलांनी विचारले.

“डोंबिवलीला. तिथं जायाची बंदी हाय का?”

“लगीन कोनाचा?”

“मामाच्या मांडवात भाची हाय. मामा डोंबिवलीचा, मांडव डोंबिवलीचा. पोरीचा गाव मी इचारत नाय बाय!”

नावाडी हसला. पाटील काठावरची तिवरे पाहू लागले.

डोंबिवलीजवळ ओहोटी लागली आणि होडी चिखलात रुतली. पुढच्या भरतीपर्यंत कल्याण विसरायचे! सगळे गुडघाभर चिखल तुडवत मांडवात गेलो. आजोबांचा एक जोडा तिथेच राहिला.

लग्न दुपारचे होते, आधी पंगत बसली. आम्ही शहाळी घेतली. पाटलांनी कालवण चाखले.

“चव झकास हाय. मीठ कुठला?”

“डोंबिवलीचा,” सोनीचे मामा म्हणाले.

“डोंबिवलीत मिठागर कवा झाला?”

“तुमची बंदी झाली तवापासून! तुमच्या घरीपन ह्योच जाते, पाटील.”

पंगत हसली आणि एकदम पाटलांकडे पाहू लागली. पाटील रागाने उठले असते, तर हिरूबाईलाही उठावे लागले असते. सोनी आईचा पदर धरून उभी होती. पाटलांनी सावकाश दुसरी भाकरी घेतली.

“बघते काय, हिरू? तयारीला लाग. भरती येल.”

दुसऱ्या दिवशी परतताना पाटलांच्या मांडीवर मिठाची टोपली होती. “डोंबिवलीचा,” माझ्याकडे न बघता ते म्हणाले.

भांडण दोघांचे असते, तिसरा मात्र दोघांचाही सोयरा असतो. त्याची मान डोलते, पण हात थांबत नाहीत.

पाटील गेले. बंदी कोणी उठवलीच नाही, ती अजून आहे. सोनीचा संसारही आहे.