निम्मी धरलेली नऊ वर्षं

बायकोच्या नोकरीची पहिली नऊ वर्षं सरकारने निम्मी धरली, ती माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकतो. पुढची हकिगत ऐकून लोक मला शाबासकी देतात आणि ती माझी नाही.

मी नवापूरचा. शाळा चौथीपर्यंत, तीही पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतील तेवढीच; बाकी सगळं आयुष्य दर्यावर. बायको केळव्याकडची, सातवी पास. सत्तरच्या सुमाराला गावच्या पंचांनी जाळी ठेवायच्या शेडमध्ये शाळा काढली आणि शिकवायला हिला बसवलं. नऊ वर्षांनी ती शाळा जिल्हा परिषदेने घेतली, हिच्यासकट. गावात तिला सगळे बाईच म्हणतात. मीपण म्हणायचो, पण माझ्या म्हणण्यात टोमणा असायचा. बोईसरला कारखाने आले, तारापूरला वीज तयार व्हायला लागली, गावातली पोरं शिकून तिकडे कामाला लागली, तरी माझा टोमणा काही गेला नाही.

नव्वद सालाच्या पुढे ती निवृत्त झाली. पेन्शनसाठी ती आधीची नऊ वर्षं जोडून मिळावीत म्हणून तिने अर्ज केला. त्याची चौकशी करायला परिषदेचा एक माणूस गावात आला, तेव्हा बाई सफाळ्याला लेकीकडे गेली होती. ओटीवर जाळं दुरुस्त करत मीच बसलेलो. त्याने विचारलं, शेडमध्ये शाळा होती तेव्हा ती किती वेळ चालायची?

मी म्हटलं, "भरती आली की पोरं बंदरावर. मग कसली शाळा?"

त्याने ते लिहून घेतलं आणि मी खाली सही केली. मला सही येते याचा मला तोरा, ती अगदी झोकात केली.

बोललो ते मला खरंच वाटत होतं. आमच्या होड्या खाडीत शिरतात त्या भरतीच्या पाण्यावर. होडी लागली की सगळं गाव बंदरावर, पोरंसुद्धा. कोणी टोपल्या धरायच्या, कोणी बोंबील वेगळे काढायचे. मी होडीतून उतरायचो तेव्हा शाळेतली सगळी पोरं मला समोर दिसायची. मग घरी जाऊन जेवायचो आणि आडवा व्हायचो. त्यानंतर बायको काय करते, हे नऊ वर्षांत मी विचारलं नाही.

काही महिन्यांनी पत्र आलं. बाईने ते उभ्यानेच वाचलं.

"काय झालं गो?"

"काय नाय. नऊ वर्सं निम्मी धरली. शाळा अर्धवेळ होती म्हणतात."

"कोण म्हणतो अर्धवेळ?"

"गावातल्या माणसाचा जबाब हाय. नक्कल जोडलीय."

"कुठला गाढव तो?"

तिने कागद माझ्यापुढे धरला. "सही वळखीची वाटते का बघा."

त्यावर ती भांडली असती तर बरं झालं असतं. दोन दिवस जेवायला वाढण्यापुरतं बोलली. मी म्हटलं, थोडे पैसे कमी येतील, एवढं काय? तेव्हा म्हणाली, "पैशाचं कोण बोलतंय? सरकारला काय म्हाईत, ते कुठे आलेलं बघायला? पण तुमी घरातले. साडेसात ते पाच शाळा व्हती, तुमाला निम्मीच वाटत व्हती."

मी कोणापुढे खाली मान घालणारा माणूस नाही. पण त्या दिवशी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेला सदरा घातला आणि पालघरच्या कचेरीत जायला एसटी धरली. बोईसरला कारखान्याचे कामगार चढले. त्यातला एक ओळखीचा म्हणाला, "क्या चाचा, आज टोकरी नहीं?" म्हटलं, आज मासळीची टोकरी नाय, आज मीच चाललोय बाजारात.

कचेरीतला लिपिक घाटावरचा, तरुण, बोलायला गोड. मी सांगितलं, "ती सही माझी हाय, पण बोललो ते चुकीचं. शाळा पूर्ण वेळ होती."

"तुम्ही बघितली होती का, काका?"

"नाय."

"मग आज कशावरून सांगता?"

बायकोने सांगितलं म्हणून, असं म्हणायची लाज वाटली. मी तसाच उभा राहिलो. बसा म्हणाला, बसलो नाही. शेवटी उठला आणि कपाटातून जुन्या हजेरीपटांचा गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. शाळा परिषदेकडे आली तेव्हा तो तिच्याबरोबर आलेला.

"नुसता तुमचा जबाब नाही, काका. हे बघा. बाईंनी स्वतःच रोजची शाळा सुटायची वेळ लिहिलीय. पावणेदहा. दुसऱ्या दिवशी साडेदहा. मग सव्वाअकरा. कधी दुपारी दीड. आणि मधे चार-चार दिवस वेळच नाही, म्हणजे शाळाच नाही. हिला पूर्ण वेळ कसं म्हणायचं?"

अक्षरं मला सावकाश लागतात, पण ते आकडे बघताच ओळखले. तारखेच्या वर बारीक अक्षरात तिथी लिहिलेली होती. आमच्या दर्यावर तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. त्रयोदशीला पावणेदहा, चतुर्दशीला साडेदहा, पुनवेला सव्वाअकरा. हे मला कोणी शाळेत शिकवलं नाही. बापाने होडीवर शिकवलं.

"ही शाळा सुटायची वेळ नाय," मी म्हटलं. "ही भरती हाय. मधल्या सुटीची वेळ."

"मग सुटायची वेळ कुठे लिहिलीय?"

"ती रोज तीच. भरायची साडेसात, सुटायची पाच. रोजचं तेच ते कोण लिवणार? बदलतं ते लिवलंय."

गावात आम्ही सगळे असेच. बदलतं तेवढंच सांगतो. लिपिकाने मान हलवली खरी, पण त्याला पटलं नव्हतं. त्याने पोरांच्या नावांपुढच्या खुणांवर बोट ठेवलं. "आणि हे एकेका दिवशी दोन-दोन ठिपके कसले?"

ते मला माहीत नव्हतं. मी वाकून बघत राहिलो. भरतीची वेळ लिहिलेल्या दिवशी दर पोरापुढे एक ठिपका वर, एक खाली. सप्तमीपासून दशमीपर्यंत, भरती शाळेच्या वेळेत येत नाही त्या दिवसांत, ठिपका एकच. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. वरचा ठिपका भरतीच्या आधीचा, खालचा नंतरचा. मी घरी जाऊन झोपत होतो तेव्हा ही शेडमध्ये पुन्हा हजेरी घेत होती.

काही ठिकाणी खालचा ठिपका वेगळ्या शाईत होता आणि कडेला बारीक लिहिलेलं. मी लिपिकाला म्हटलं, वाच. त्याने वाचलं, "बंदरावरून आणले." पुढच्या पानावर, "घरी जाऊन आणले, आई नको म्हणत होती." पुढे, "झोपला होता, उचलून आणला." असं नऊ वर्षं. मी खुर्चीवर बसलो.

लिपिक हजेरीपट घेऊन साहेबांकडे गेला. साहेब म्हणजे चष्मा लावलेल्या एक बाईच होत्या. त्यांनी मला आत बोलावलं. पट स्वतःकडे ओढला, आकड्यांवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आजोबा, मी तिथी सांगते. तुम्ही वेळ सांगा. वद्य तृतीया."

"सव्वादोन. दोन ठिपके."

त्यांनी पान उलटलं. "शुद्ध अष्टमी."

"वेळ नाय. ठिपका एक."

"द्वादशी."

"नऊ."

त्या मध्येच चार-पाच वर्षं सोडून दुसरा पट काढायच्या, मी सांगायचो, त्या हात उचलून बघायच्या. लिपिक दारात उभा राहून ऐकत होता. मग त्या म्हणाल्या, "एकादशी."

"सव्वाआठ. दोन ठिपके."

"चुकलं. इथे वेळ नाही. ठिपकाही एकच."

"मग पट चुकलाय."

"पट चुकलाय?"

"एकादशीला सव्वाआठच. दर्या चुकत नाय." मी हटलो नाही. मग सुचलं. "मैना कुठला?"

"आषाढ."

"तर मग! आषाढात होड्या वर ओढलेल्या. बंदरावर जायचंय कोणाला? दिवसभर शाळा. बाईचं बरोबर हाय."

त्या हसल्या. आणखी पानं चाळता चाळता थांबल्या. "या दिवशी शेरा मोठा आहे," म्हणाल्या आणि वाचायला लागल्या. "कार्तिक वद्य द्वादशी. नऊची भरती. होडी आली नाही. मुलांना बंदरावर सोडलं नाही. दोन्ही वेळ सर्व हजर."

ती होडी माझी. त्या दिवशी आमचं सुकाणू तुटलेलं आणि वारा उलटा. आम्ही दुसऱ्या दिवशीच्या भरतीला लागलो. गावाने आमची आशा सोडली होती, बायका वाळूत बसून रडत होत्या, हे मला नंतर सगळ्यांनी सांगितलं. बायको तेव्हा कुठे होती ते कोणी सांगितलं नव्हतं आणि मी धरून चाललो होतो की ती त्या बायकांत असेल. ती शेडमध्ये होती. दोन्ही वेळ. एकेका पोरापुढे वर एक, खाली एक, रोजच्यासारखे सरळ ठिपके. हात कुठे हलल्याची खूण नाही. मी बोट लावून बघितलं.

साहेबांनी पाणी मागवलं. मग म्हणाल्या, "आधीचा जबाब तुमचा आहे, तर नवा जबाबही तुम्हीच द्यायला हवा. लिपिक लिहून घेईल."

म्हटलं, नको, मी लिवतो. चार ओळींना तासभर गेला. मी शाळा बघितली नव्हती, मी झोपलेलो असायचो, आधी सांगितलं ते माहीत नसताना सांगितलं, असं सगळं लिहिलं. आयुष्यात कधी कोणाला माफीचं पत्र लिहिलं नाही, ते सरकारला लिहिलं. सही केली ती साधी.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. बाई भाकरी थापत होती. काय झालं ते तिने विचारलं नाही. मी चुलीसमोर बसलो.

"माझी होडी आली नाय त्या दिवशी काय शिकवलंस गो?"

तिचा हात थांबला. एवढ्या वर्षांनी कुठून काढलं, असं बघितलं. मग म्हणाली, "शिकवलं काय नाय. पाढे म्हणायला लावले. दोनापासून तीसपर्यंत आणि परत पयल्यापासून."

"दिवसभर?"

"मोठ्यानं म्हणायला लावले. बाहेरचं रडणं आत येऊ नये म्हणून. तुमच्या होडीवरच्या खलाशांची पाच पोरं बसलेली ना समोर."

"आणि तुला ऐकू येत नव्हतं?"

"मी दारात उभी व्हते," ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

आदेश यायला पावसाळा उलटला. टपालवाल्याने ओटीवरूनच हाक मारली. बाईने लिफाफा फोडून मला वाचून दाखवला. नऊ वर्षांची सेवा पूर्णवेळ धरण्यात येत आहे, असं होतं. मी म्हटलं, पुन्हा वाच. तिने पुन्हा वाचलं, वर्गात वाचायची तसं, एकेक शब्द सुटा. मग कागद घडी न घालता गुडघ्यावर ठेवून बसली. शेवटी म्हणाली, "आता झाली माझी नोकरी पुरी," आणि चहा ठेवायला आत गेली.