वेढ्याचे मास्तर

नदीला वळण दिसलं की तुर्की मास्तर थांबायचे. इनामगावाजवळ घोड नदीच्या काठावर काठीने वाळूत रेघा ओढायचे. "ही टायग्रिस. ह्या वळणात कूत गाव. तीन बाजूंनी पाणी, चौथ्या बाजूला तुर्कांचे खंदक. आपली माणसं आत. आता सांग, बाहेर कसं पडशील?" मी उत्तर शोधेपर्यंत ते पुढे निघालेले असायचे.

शिरूरच्या एका शाळेत ते इतिहास शिकवत; सदा तुर्कांशी झालेल्या लढाईचंच बोलत, म्हणून लोकांनी त्यांना तुर्की मास्तर केलं होतं. पहिल्या महायुद्धाने तुर्कांची बादशाही बुडवली, पण पुस्तकांत नुसते सेनापती. आमच्या भागातून इंग्रजांच्या फौजेत भरती होऊन मेसोपोटेमियात, म्हणजे आताच्या इराकात, गेलेल्या शिपायांचं एक नाव नाही, याचा त्यांना मनस्वी राग. कवठे येमाईपासून वरवंडपर्यंत ते सायकलने हिंडायचे, म्हाताऱ्या शिपायांचं बोलणं लिहून घ्यायचे आणि तिथेच वाचून दाखवायचे. "सेनापतीला नकाशा आठवतो, शिपायाला भूक," असं म्हणत. चहाच्या टपरीवर लोक चिडवायचे, "काय मास्तर, पडलं का कूत?" ते म्हणायचे, "रोज पडतंय. मीच आपलं पुन्हा उभं करतो."

माझे आजोबा कूतच्या त्या वेढ्यातून परतलेले. धान्य संपल्यावर सैन्याने घोडे कापले, पण आजोबांनी त्या मांसाला तोंड लावलं नाही, अशी त्यांची ख्याती. त्या काळी घोडा खाल्लेल्याला जातीत परत घेतलं नसतं. दर पंधरा ऑगस्टला माझे चुलते ही गोष्ट ऊर भरून सांगत.

एका दुपारी आजोबांनी मास्तरांना पडवीत बसवून घेतलं. मी विशीतला, शेजारी होतो. आजोबा खाली बघून म्हणाले, "खाल्ला, मास्तर. लई दिस न्हाई खाल्ला, मग खाल्ला. न खाणारे माझ्या डोळ्यांम्होरं मेले. घरी आल्यावर खोटं बोललो. आता लिवा, पन मी मेल्यावर छापा." मास्तरांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. आजोबांनी मान हलवली.

आजोबा गेल्यावर काही वर्षांनी मास्तरांचं पुस्तक छापायला जाणार होतं. त्याआधी त्यांनी आमच्या गावच्या शाळेत त्याचं वाचन ठेवलं. ते पान आलं आणि चुलते उठले. "आमच्या बापाला मेल्यावर बाटवता व्हय, मास्तर? तुम्ही ख्रिस्ती, तुम्हाला घोडा काय आन् बोकड काय!"

मास्तर शांतपणे माझ्याकडे वळले. "तू होतास. सांग."

चुलतेही माझ्याकडेच बघत होते. मी म्हणालो, "आजोबा असं काही बोलले नाहीत."

मास्तरांनी चष्मा काढला, वही मिटली आणि सायकल घेऊन गेले. मास्तर म्हाताऱ्यांच्या तोंडी वाटेल ते घालतात, असं पंचक्रोशीत झालं. छापणारा मागे सरला. ज्या घरांनी त्यांना जेवायला बसवलं होतं, ती घरं "आमच्या आज्याचं नाव पुस्तकातनं काढून टाका" म्हणून निरोप धाडू लागली. ते दौंडला लेकीकडे राहायला गेले.

मी त्यांना भेटायला गेलो तो त्यांच्या पार म्हातारपणी. ते अंथरुणाला खिळलेले. "ये रे. घोडीला पाणी किती आहे?" नदीला ते घोडीच म्हणत. मी सुरुवात केली, "मास्तर, त्या दिवशी मी..." त्यांनी हात वर केला. "मला कशाला सांगतोस? मी ऐकलंच होतं की. गावाला सांग." दीड महिन्याने ते गेले.

गावाला सांगायला मला त्यानंतरही बारा वर्षं लागली. या पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. आजोबांनी खाल्लं, मी ऐकलं, मी खोटं बोललो, मास्तर खरे होते. चुलत्यांचा नातू आता सरपंच आहे. त्याने खुर्ची आणून मला बसवलं आणि हळूच म्हणाला, "आप्पा, येवढंच व्हय? खाल्ला तर खाल्ला. जगायला नको का माणसानं?"

तोवर मास्तरांच्या वह्या दौंडच्या घरात वाळवीने खाल्ल्या होत्या. आमच्या आजोबांची गोष्ट मला तरी माहीत होती. बाकीचे शिपाई कोण होते आणि काय बोलले, ते आता कुणालाच ठाऊक नाही.