पयले पोट, मंग फाइल

इंदूआत्या गेल्याचं वहिनीनं फोनवर सांगितलं, तेव्हा बातमीदाराच्या सवयीनं मी विचारलं, “डॉक्टरनं पाहिलं का?” “देखं भाऊ. दोन डॉक्टरसनी देखं,” ती म्हणाली. त्याला आता पाच आठवडे झाले.

आत्या सत्तरीची होती, लोणखेड्याला माझ्या भावाच्या घरी राहायची. तिला तरुणपणापासून स्किझोफ्रेनिया होता. गोळ्या चालू असूनही अधूनमधून आवाज ऐकू येत. बातमीची खातरजमा मी नोकरीत शिकलो. आत्या ती त्याच्या कितीतरी आधीपासून करत होती. कुणी हाक मारल्यासारखं वाटलं की जवळ असेल त्याला विचारायची, “तुले बी ऐकू ऊनं का?” नाही म्हटलं, की “मंग मन्हंच शे,” म्हणजे मग माझंच आहे, असं म्हणून पुन्हा मेथी निवडायला लागायची.

तीन वर्षांपूर्वी तिच्या पोटात उजवीकडे कळा येऊ लागल्या. महिन्याच्या गोळ्या आणायला मी तिला दवाखान्यात नेलं, तेव्हा तिनं ते सांगितलं. डॉक्टरांनी जाडजूड फाइल चाळली आणि पोटाला हात न लावता म्हणाले, “आजी, मनाचं आहे ते. गोळी वाढवू.” आत्या म्हणाली, “साहेब, आवाजले मी वळखस. तो कानमा येस. पोटमा कधीच ऊना नही.” ते हसले. मीही हसलो, हे इथे नोंदवायला हवं. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, “बापू, तू बी हसना?”

पंधरवड्यानं कळा असह्य झाल्या. दुसऱ्या दवाखान्यात आत्या फाइल मांडीखाली दाबूनच बसली. तिथल्या डॉक्टरबाईंनी फाइलसाठी हात पुढे केला. “पयले पोट देखा, बाई. मंग फाइल देस.” बाईंनी बरगडीखाली दाबलं आणि आत्या कळवळली. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले, सूजही होती. आणखी थांबला असतात तर जिवावर बेतलं असतं, असं बाई मला म्हणाल्या. तोवर आत्यानं स्वतःहून फाइल काढून टेबलावर ठेवली होती आणि चालू गोळ्या ती वेळांसकट सांगत होती...

गेल्या रविवारी लोणखेड्याला गेलो. दुपारी ओट्यावर वहिनी मेथी निवडत होती, मी चहा घेत होतो. आत्याच्या खोलीतून हाक आली, “बापू!” अगदी स्पष्ट. मी विचारलं, “वहिनी, तुले बी ऐकू ऊनं का?”

तिचे हात थांबले. “नही, भाऊ.”

“मंग मन्हंच शे,” मी म्हणालो. पण चहा काही मला संपवता आला नाही. एवढं म्हणून झाल्यावर आत्या मेथीची अख्खी जुडी निवडायची... आणि हे तिनं चाळीसएक वर्षं केलं.