अंकलना काम आलं

लिफ्ट येईपर्यंतसुद्धा अंकल एका जागी उभे राहायचे नाहीत. बटण दाबायचे, कठड्यापर्यंत जायचे, परत येऊन पुन्हा बटण दाबायचे. कोणी भेटलं की विचारायचे, “बोल, काम काय चाललंय?” कसा आहेस, जेवलास का, असलं काही नाही. काम!

सिंगापुरात, चोआ चू कांगला, आमच्याच मजल्यावर त्यांची मुलगी राहायची. इथल्या चिनी माणसाशी लग्न केलेली. आई गेल्यावर तिने वडिलांना अमेरिकेहून आपल्याकडे आणलं. सगळी इमारत त्यांना अंकल म्हणायची. जन्मभर तिकडच्या सिनेमात आणि टीव्हीवर काम केलेला अमेरिकन नट. तरुणपणी घोड्यावरून पडून मरायचे, मग पोलीस अधिकारी झाले, केस पिकल्यावर न्यायाधीश आणि आजोबा. नायक कधीच नाही. तुम्हीही त्यांना पाहिलं असेल, नाव मात्र सांगता आलं नसतं.

एकदा व्हरांड्यात त्यांनी मला गोळी लागून पडायचं कसं ते करून दाखवलं. तेवढ्यात शेजारच्या आँटी बाजार घेऊन आल्या. हातातली पिशवी टाकून ओरडल्या, “आयो! कॉल अ‍ॅम्ब्युलन्स लाह!”

अंकलनी पडल्या पडल्या एक डोळा उघडला. “जमलं ना?”

मग एके दिवशी अमेरिकेहून फोन आला. एका मालिकेत छोटं काम होतं. पण अंकलचं हृदय अशक्त होतं, लांबचा प्रवास डॉक्टरांनी बंद केला होता. मुलगी चिडली, “डॅड, तीन वाक्यांसाठी जीव देणार का?”

“चार आहेत,” अंकल म्हणाले.

ती रडवेली होऊन माझ्याकडे आली. “तुमचं ऐकतात ते. समजवा ना.”

मी समजवायला गेलो, तर त्यांनी माझ्या हातात संहिता दिली. “तू डॉक्टरचं वाच.” रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की इमारतीखालच्या मोकळ्या जागेत आमची तालीम. ते फेऱ्या मारत बोलायचे आणि तिसऱ्या वाक्याला अडायचे. कपाळावर हात मारून घ्यायचे. पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी मी म्हणालो, “अंकल, नाही गेलात तर?”

ते थांबले. “इथे सगळे माझी काळजी घेतात रे. काम कोणी सांगत नाही.”

मी हे मुलीला जसंच्या तसं सांगितलं. मग तिनेच त्यांची बॅग भरली.

काम झाल्यावर त्यांचा फोन आला. “एकदाही अडलो नाही!” परतीच्या विमानाआधीच, हॉटेलात, झोपेत ते गेले.

काही महिन्यांनी तो भाग लागला. मुलीने आम्हाला घरी बोलावलं. पडद्यावर अंकल डॉक्टरशी चार वाक्यं बोलले, टोपी घातली आणि दारातून बाहेर पडले. माझ्या बायकोने डोळे पुसत रिमोट उचलला. मुलीने तिचा हात धरला.

“थांबा. पुढे असतील.”

संहितेच्या पुढच्या पानांवर ते नव्हते, मला माहीत होतं. भाग संपला, नावं वर सरकू लागली, तरी ती पुढे वाकून बघत होती.